नमुन्याचा खड्डा

१८ नोव्हेंबर १९७४, पलूस

साताऱ्याहून सकाळची एसटी धरली, कराडला गाडी बदलली आणि दुपारी दीडला ट्रंक, वळकटी आणि आईने दिलेला चटणीचा डबा यांसह इथे उतरलो. डबा वाटेतच सांडला. वळकटी झटकून झटकून हात दुखले, तरी लसणीचा दरवळ काही जाईना. शेवटी तसाच तिच्यावर ताणून दिली.

जागा झकास आहे. चहूकडे ऊस, मध्ये कंपनीचं तारेचं कुंपण, आत पंपघर, एक छोटी प्रयोगशाळा, तिला लागून माझी कचेरी आणि मागे दोन खोल्यांचं क्वार्टर. नळाला पाणी, न्हाणीला दार! कुंपणापलीकडे गुऱ्हाळ लागलंय. काहिलीत उकळणाऱ्या रसाचा वास खिडकीतून आत येतो आणि पोट भरलेलं असलं तरी भूक लागते.

तीन महिने उमेदवारीचे. तेवढे नीट काढले की नोकरी पक्की आणि क्वार्टर कुटुंबासकट राहायला माझं. लग्नाला चार वर्षं झाली, पण साताऱ्यात आई, वडील, दोघे भाऊ आणि त्यांची पोरं यांच्या गर्दीत मला आणि अंजनाला आतून कडी लावता येईल अशी खोली मिळालेली नाही. निघताना ती एवढंच म्हणाली की, नीट वागा, कुणाशी वाद घालू नका. मी वाद घालतो म्हणजे काय, बरोबर असेल ते सांगतो. वडील हवालदार होते, परेडच्या बुटाचा एक बंद इंचभर लांब दिसला तरी त्यांना झोप यायची नाही. तोच गुण माझ्यात उतरला असेल तर माझा काय दोष?

१९ नोव्हेंबर

काम लिहून ठेवतो, म्हणजे अंजनाला कधी ही वही दाखवली तर नवरा दिवसभर काय करतो ते तिला कळेल.

कोकणातल्या बंदरातून कच्चं तेल पाइपातून घाट चढून येतं आणि आमच्या पंपातून पुढे जातं. ते कसं आहे, त्यात पाणी किती, गाळ किती, हे रोज दोनदा तपासायचं. सकाळी सात आणि दुपारी तीन. पाणी पाइपाच्या तळाशी घसरतं, हलकं तेल वर राहतं, म्हणून एक बारीक नळी थेट पाइपाच्या मध्यापर्यंत खुपसलेली आहे. तिच्या तोंडाला स्प्रिंगचा कॉक, हात सुटला की आपोआप बंद होणारा. आधी थोडं तेल बादलीत सोडून द्यायचं, म्हणजे नळीत अडकलेलं शिळं तेल निघून जातं. मग पाच मिनिटं हळूहळू, बारीक धारेने डबा भरायचा. घाई केली की त्या एका क्षणाचंच तेल हाती येतं. पाइपातून जाणाऱ्या लाखो लिटरांची साक्ष हा एक डबा देणार, तेव्हा साक्षीदार पढवलेला नको.

पाइप जमिनीखाली असल्याने कॉक दहा फूट खोल खड्ड्यात आहे. लोखंडी शिडीने उतरायचं, मग वाकून काँक्रीटच्या स्लॅबखाली आडवं शिरायचं. वरून खालचा माणूस दिसत नाही. कमरेला दोरी बांधतात आणि तिचं दुसरं टोक निजामचाचाच्या हातात असतं. निजाम हा इथला जुना मदतनीस, पन्नाशीचा. गुडघा कामातून गेलेला, म्हणून स्वतः खाली उतरत नाही. त्याचा एकच नियम आहे. खालच्याने सारखं बोलत राहायचं. बोलणं थांबलं की तो दोरी ओढणार. “काय बी बोला, सायेब, पर बोलत ऱ्हावा,” असं त्याने मला तीनदा बजावलं.

मी बोललो. एसटी, चटणी, वडिलांचे बूट. बोलण्याच्या नादात पाच मिनिटांची आठ झाली आणि डबा वाहिला. उद्यापासून मी आकडे मोजणार. साठपर्यंत शिळं तेल, मग एक ते तीनशे नमुना. घड्याळही झालं आणि जिवंत असल्याची खूणही झाली. निजामचाचाला हे पसंत पडलं नाही. म्हणाला, “आकडं कुनाचं बी असत्यात, सायेब.” मला हसू आलं. पाहतो आता कुणाचे असतात ते.

२६ नोव्हेंबर

सगळं सुरळीत चाललंय. डबा हलवून काचेच्या नळकांड्यात तेल ओतायचं, हायड्रोमीटर तरंगवायचा, तापमान बघायचं, मग हाताने फिरवायच्या यंत्रात घालून पाणी आणि गाळ वेगळा करायचा. माझे आकडे दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत स्थिर आहेत. साताऱ्याच्या साहेबांनी फोनवर शाबासकी दिली. मी बाहेरून गंभीर आणि आतून पाणीपाणी.

इथे झाडलोट करायला राहीबाई म्हणून एक बाई येते, तिशी-पस्तिशीची. सकाळी सातला आणि दुपारी तीनला, म्हणजे नेमकी माझ्या वेळेला, ती खड्ड्याजवळ उपड्या पिंपावर येऊन बसते, केरसुणी मांडीवर आडवी. आज तिने निजामचाचाकडून निरोप धाडला की साहेबांनी जरा हळू मोजावं. मी विचारलं, का बुवा? तेव्हा कळलं की ती कृष्णातची बायको. कृष्णात म्हणजे माझ्याआधी नमुने घेणारा. तो नोकरी सोडून गेला असं मला साताऱ्यात सांगितलं होतं. तो मार्च महिन्यात या खड्ड्यातच गेला. कंपनीने हिला झाडलोटीचं काम दिलं.

नवरा जिथे गेला तिथे बसावंसं वाटत असेल. मी हळू मोजतो.

२ डिसेंबर

आज एक गंमत झाली. वर आल्यावर निजामचाचाने विचारलं, आज तीनशे बारापर्यंत का मोजलं? मी तीनशेलाच थांबलो होतो. कॉक बंद करून डब्याला झाकण लावत होतो, तोंड मिटलेलं. म्हटलं, चाचा, खड्डा आहे, आवाज घुमतो. तो दोरी गुंडाळत राहिला. म्हटलं, कानात तेल घालून बसा, इथे तेलाला काय तोटा! त्यावरही हसला नाही.

रात्री मनात आलं, घुमणारा आवाज म्हटलेलंच परत म्हणतो. तीनशे बारा मी म्हटलंच नव्हतं. दोन मापांत फरक आला की तिसरं माप घ्यायचं असा आमच्या कामात नियम आहे, म्हणून फक्त नोंद करून ठेवतो.

५ डिसेंबर

गुऱ्हाळवाल्यांनी ताज्या गुळाचा खडा धाडला. नाकाशी धरला, वास नाही. तोंडात टाकला, गोड लागला पण गुळासारखा नाही. सर्दी झालेली नाही. निजामचाचाने आपल्या बोटातली चांदीची अंगठी दाखवली. खड्ड्याच्या तोंडाशी दोरी धरणारा हात, त्यावरची अंगठी काळीठिक्कर, दुसऱ्या हातातली पांढरी.

याचा अर्थ मला ठाऊक आहे, शिकताना घोकला होता. काही तेलांबरोबर एक जहरी वायू येतो, हवेपेक्षा जड, खड्ड्यात साठणारा. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. मग तो नाकच मारून टाकतो, आणि माणसाला वाटतं, वास गेला, धोका टळला. जास्त झाला तर दोन-चार श्वासांत माणूस आडवा.

साताऱ्याला पत्र लिहिलं, मास्क मागितला. तोवर खड्ड्याचं झाकण तासभर आधी उघडून ठेवायचं ठरवलं.

९ डिसेंबर

निजामचाचाने आज दुपारच्या नमुन्यानंतर कृष्णातचं सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

कृष्णातही मोजायचा. माझ्यासारखाच, एक ते तीनशे. त्या दिवशी निजाम वर दोरी धरून होता आणि मोजणी नीट कानावर येत होती. तीनशे झाले, तीनशे वीस झाले, तीनशे चाळीस. कृष्णात असा कधी पुढे जायचा नाही, म्हणून त्याने दोरी ओढली. जड लागली. आरडाओरडा करून पंपघरातली माणसं बोलावली. कृष्णातला वर काढलं तेव्हा त्याचं अंग गार पडलं होतं. बादलीत चाळीस आकड्यांइतकंच तेल होतं आणि डबा कोरडा. डॉक्टर म्हणाले, जाऊन बराच वेळ झाला. “आन् आमी त्याला वर घेतला तरी बी खाली मोजनं चालूच हुतं, सायेब.” तेव्हापासून निजाम खालच्याला बोलायला लावतो. बोलणं माणसाचं स्वतःचं असतं, म्हणाला.

मी मान डोलावली. वायू डोक्यात गेल्यावर वर उभ्या माणसालाही भास होऊ शकतात, असं त्याला समजावलं. तो म्हणाला, व्हय.

११ डिसेंबर

साताऱ्याचं उत्तर आलं. मास्क मुंबईहून जानेवारीत येईल. नमुन्यांत खंड पडता कामा नये. खंड पडला तर उमेदवारी पुन्हा पहिल्यापासून.

म्हणजे अंजना पुन्हा तीन महिने त्या गर्दीत. खंड पडणार नाही.

१२ डिसेंबर

तिसरं माप घेतलं.

सकाळी खाली उतरलो आणि तोंडच उघडलं नाही. निजामचाचा दहाच्या आत दोरी ओढणार, मग मी वर येऊन त्याची पाठ थोपटणार, असा बेत. मनातल्या मनात मोजत राहिलो. दोरी हलली नाही. साठ. शंभर. तीनशे. मला माझा श्वास आणि तेलाची धार, एवढंच ऐकू येत होतं. नमुना घेऊन संतापून वर आलो आणि त्याला फैलावर घेतलं. मी मेलो असतो तर तुम्ही विडी ओढत बसला असता, असं बोललो.

तो भांबावून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, तीनशेपर्यंत सगळं ऐकलं, एक आकडा चुकला नाही. राहीबाईला विचारा.

राहीबाई पिंपावर होती. तिला विचारलं. ती शांतपणे, घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसं म्हणाली, “मालक मोजत्यात की खाली. रोजच मोजत्यात. तुमी मोठ्यानं मोजता, मग मला त्यांचं ऐकू येत न्हाई.”

म्हणून ती तिथे बसते.

आता चित्र स्पष्ट आहे. मी खाली पडलो तर वर कुणाला कळणार नाही, कारण मोजणी थांबणार नाही. हे लिहिताना हात थरथरायला हवा होता. अक्षर नेहमीसारखंच आलं आहे.

१४ डिसेंबर

मोजणी बंद केली. आता दर दहाला दोरीला एक झटका द्यायचा, तीनशेला तीस झटके. झटका चुकला की निजामचाचा ओढणार. काल-आज ठीक गेलं. निजाम बोटांवर झटके मोजतो आणि ओठ हलवतो, बहुतेक दुवा मागत असावा.

वरून त्याला अजून आकडे ऐकू येतातच. मला खाली काही ऐकू येत नाही. घसा मात्र बसला आहे, न बोलता.

१७ डिसेंबर

दुपारचा नमुना आजच्यापुरता पंपघरातल्या एका पाळीवाल्याला घ्यायला लावला आणि सांगलीला डॉक्टरांकडे गेलो. पाळीवाला खाली उतरला आणि नीट वर आला, आवाज वगैरे काही नाही म्हणाला. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली. घसा स्वच्छ आहे, म्हणाले, गरम पाण्याच्या गुळण्या करा.

येताना हळदीच्या पेठेतून आलो. पोती फोडत होते, बाया पदर नाकाला लावून चालल्या होत्या, एक म्हातारा शिंकून शिंकून बेजार. मी त्या पिवळ्या धुळीत उभा राहून छातीभर श्वास घेतला. काही नाही. नुसती हवा.

एसटीत पायातली चप्पल गेली. कधी निसटली कळलं नाही. पायाला गारही लागलं नाही.

१९ डिसेंबर

शिडीवर पाय कुठे टेकला ते बघून घ्यावं लागतं.

अंजनाचं पत्र आलं. फेब्रुवारीपर्यंत दम निघत नाही, एकोणतीसला पाहुणी म्हणून तरी येते, चार भांडी आणि उशा घेऊन. वहिनीने नवं लुगडं दिलं. पत्राच्या शेवटी तिने लाजत काहीतरी लिहून खोडलं आहे. महिन्यापूर्वी मी ते अक्षर न् अक्षर उजेडाला धरून वाचलं असतं. आज पत्र घडी करून नोंदवहीत ठेवलं. तिच्यासाठीच हे सगळं चाललंय, एवढं आठवतं. वाटत काही नाही. हे मला वाईट वाटायला हवं.

२१ डिसेंबर

राहीबाई आज आली नाही. पिंप रिकामं.

संध्याकाळी कुंपणाशी भेटली, गावी चाललेली. डोळे सुजलेले. म्हणाली, इतके महिने आधार होता, तोही गेला. मी तोंडाने नाही, हातानेच विचारलं, काय झालं? आता घशातून फक्त फुसफुस निघते.

“खाली मालक न्हाईत आता, दादा. आवाज तुमचा झालाय. पार तुमचाच.”

मग म्हणाली, तुमी जावा हितनं. आणि निघून गेली.

२२ डिसेंबर

आवाज गेला. फुसफुसही नाही.

निजामचाचा म्हणाला, उद्यापासून तुम्ही उतरायचं नाही, काय व्हायचं ते होऊ दे. मी पाटीवर लिहून दाखवलं — खंड. त्याने पाटी हातातून घेतली आणि बाहीने पुसली. मग आत जाऊन माझ्यासाठी चहा करून आणला. त्याचे डोळे भरले होते. मी चहा प्यालो. गरम होता की नाही, सांगता येणार नाही.

त्याचं म्हणणं बरोबर आहे. उद्या नमुना नाही. साताऱ्याला लिहायचं, खड्डा बुजवा, कॉक वर घ्या. नोकरी गेली तर गेली. ठरलं.

२३ डिसेंबर, सकाळ

उठता येत नाही. पहाटे सहाला नेहमीच्या सवयीने जाऊन झाकण उघडून आलो — का उघडलं? नमुना नव्हताच घ्यायचा — येऊन कचेरीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो, साताऱ्याचं पत्र लिहायला. तेव्हापासून पाय जागेवर आहेत पण माझे नाहीत. चिमटा काढला. टाचणी टोचली. रक्त आलं, बाकी काही नाही. हात चालतो. हात तेवढा चालतो.

निजामचाचा पंपघरातून आला की त्याला खुणेने बोलावीन. डॉक्टर —

सात वाजले.

मोजणी सुरू झाली आहे. मला ऐकू येते. पहिल्यांदाच ऐकतो आहे. खणखणीत, एकेक आकडा तोडून. माझी पद्धत. माझा आवाज.

निजामचाचा आला. पंपघराकडून, लंगडत. खड्ड्याशी थांबला. उघडं झाकण, आत गेलेली दोरी. ती मी सोडलेली नव्हती. मी खाली आहे असं त्याला वाटलं. वाटणारच. त्याने हात कपाळाला लावला. आवाज परत आला म्हणून त्याला आनंद झालाय, पाठमोरा असूनही कळतं. खाली वाकून काहीतरी म्हणतो — रागावतोय बहुतेक. दोरी हातात घेतली. दोरीला झटका बसला. मी पाहिला. दहाला एक. वीसला एक.

काचेवर पट्टी वाजवली. पंपाच्या आवाजात त्याला ऐकू नाही गेलं. शाईची दौत फेकली. खिडकीच्या गजाला लागून फुटली. तो वळला नाही. मी ओरडतो आहे — माझं तोंड उघडं आहे, आवाज तिकडे खाली आहे —

अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

थांबली.

तो दोरी ओढतोय. सगळी आली. टोक मोकळं. त्याने टोक हातात धरून बघितलं. पंपघराकडे हाक मारली, मला इथून ऐकू आली, त्यांना नाही. पुन्हा खाली वाकला. माझं नाव घेतो — सयाजीसाहेब म्हणतो — असं कधी म्हणाला नव्हता.

नको. चाचा नको. मी इथे —

टेबल धरून उठायला बघितलं. पडलो. वही खाली ओढून घेतली. दारापर्यंत सात हात. इथून दारातून दिसतं.

दोरीचं टोक स्वतःच्या कमरेला बांधून दुखरा पाय आधी टाकला त्याने. मग दुसरा. खांदे. हातातली ती काळी अंगठी शिडीवर. टोपी. आता टोपीही नाही.

सरकतो आहे. कोपरांवर. मला भीती वाटत नाही, चाचा, मला काहीच वाटत नाही, पण मी येतो आहे, तुम्ही तोवर बोलत राहा, काय बी बोला —

उंबरा.

काही ऐकू येत नाही. पंप.

आलं. ऐकू आलं. मोजतायत.

एक. दोन. तीन. आवाज निजामचाचांचा. नीट, सावकाश. घाबरलेला नाही. ते कधीच मोजत नाहीत. ते बोल —

नऊ. दहा.

दोरीला झटका बसत